दिवाळसणाचं लिनक्स

आमच्या गावात मुलींचा कॉम्प्युटरचा वर्ग सव्वा वर्ष चालला आणि मग बंद पडला. गावात कोणाला विचारलं तर सांगतात, लाईटमुळे बंद पडला. कोणी म्हणतं, जुन्याच मशिनी होत्या, किती दिवस टिकणार. मी ऐकून घेते. त्यात माझाही हात होता हे कोणाला माहीत नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जावं लागे, आणि घरी धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं, कारण आईबाप दोघंही पहाटेपासून तलावावर. त्यामुळे शाळा तिथेच राहिली. मराठी मला वाचता येतं, लिहिता येतं. जोडाक्षर आलं की जरा थांबते. लिहिताना मला कोणी बघत नसतं म्हणून लिहिता येतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की तोंडातलं पाणी आटतं, लहानपणापासून तसंच आहे. लग्न होऊन ह्या गावात आले, तेव्हा सासरी वर्षभर लोकांना वाटत होतं की मला कमी ऐकू येतं.

आमचं गाव मूलच्या रस्त्याला आहे. गावाला मोठा तलाव, भोवती धानाची बांधी. आमची माणसं तलावात मासे धरतात आणि रोवणी-कापणीला मजुरी करतात. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई हुशार. त्यांनी कोणाकोणाला भेटून ग्रामपंचायतीमागची रिकामी खोली मिळवली आणि वरोऱ्याच्या एका ऑफिसनं टाकून दिलेले तीन कॉम्प्युटरही मिळवले. ते टेम्पोतून आले तेव्हा धानाच्या तणसात बसवलेले होते. आठ दिवस मी त्यांच्या फटीतून काड्या काढत होते. माझं घर खोलीला लागून, म्हणून झाडायचं, पाणी भरायचं आणि चावी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

शिकवायला मॅडम होती. बौद्ध मोहल्ल्यातली पोरगी, चंद्रपूरला बी.कॉम. करून आलेली, वयानं माझ्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला मावशी म्हणायची. आठवी ते दहावीच्या बारा-तेरा पोरी यायच्या. त्यांत माझी लेक होती, नववीतली.

मशिनी कागदोपत्री जिल्ह्याच्या ऑफिसच्या होत्या, आणि त्यांनी वर्गाला आधी तात्पुरतीच परवानगी दिली होती. दिवाळीनंतर एक अधिकारी बाई बघायला येणार होत्या. वर्ग चालू दिसला तर मशिनी गावात राहणार, नाही दिसला तर मूलच्या शाळेत जाणार. मूल काही लांब नाही. पण सकाळची एसटी गेली की थेट संध्याकाळची, आणि नुसत्या कॉम्प्युटरसाठी पोरीला दिवसभर मूलला कोण ठेवणार? आमच्या पोरींना ते शिकायचं असेल तर ते ह्या खोलीतच, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मशिनी बिघडू लागल्या. पोरींनी लिहिलेलं गायब व्हायचं, मधेच निळा पडदा यायचा. चंद्रपूरहून दुरुस्तीवाला आला, त्यानं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "आत कॉपी मारलेलं विंडोज हाये. व्हायरसनं सडलं. पुन्हा टाकलं तं पुन्हा सडन." मॅडमनं मंडळाला समजावून सांगितलं की लिनक्स म्हणून एक असतं, ते फुकट मिळतं, कितीही मशिनींवर टाका, चोरी होत नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "फुकट हाये नं? मंग टाक."

मॅडम चंद्रपूरला गेली आणि ओळखीच्या पोरांकडून सीड्या घेऊन आली. मासिकांसोबत मिळालेल्या होत्या त्या. चार तऱ्हेचं लिनक्स, चार पाकिटं. पाकिटांवरची नावं इंग्रजीत. मला ओळखू यावीत म्हणून मी प्रत्येकावर एकेक टिकली लावली. लाल, काळी, पिवळी, हिरवी. मॅडम हसली, पण मग तीही त्याच नावानं बोलू लागली.

"मावशी, बसा इथी," ती एक दिवस म्हणाली. पोरी अजून आल्या नव्हत्या.

"मी? मले काय येते बाप्पा त्यातलं!"

"म्हून तं म्हणते. मले समजून काय उपेग? तुमाले समजन ते पोरीइले समजन."

मी पदराला हात पुसून बसले. खुर्चीच्या टोकावर. मॅडम म्हणाली, "मांगं सरकून बसा, पडान." मग मी विचारलं, "लिनक्स एकच हाये म्हणता, तं हे चार-चार काऊन?"

तिनं थोडा विचार केला. "तांदूळ एकच असते का नाई? त्याचा भात होते, पोहे होतेत, मुरमुरे होतेत. आता दात नसलेल्या बुढ्याले मुरमुरे देल्ले, तं दोष कोणाचा? मुरमुऱ्याचा नाई, बुढ्याचा बी नाई."

"देणाऱ्याचा," मी म्हटलं.

"बस. म्हून आपण आधी पाहू का आपला बुढा कसा हाये."

आम्ही पंधरा-वीस दिवस तेच पाहत होतो. लाल टिकलीचं दिसायला फार देखणं होतं, तीन सीड्यांचं. पण आमच्या मशिनी म्हाताऱ्या, त्यांना ते ओझं झेपत नव्हतं. एक बटण दाबून मी अंगण झाडून यायची, तरी पडद्यावर चाक फिरतच असायचं. काळ्या टिकलीचं इवलंसं होतं आणि पळायचंही छान, पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. पिवळ्याचं मशिनीत टाकावंच लागत नव्हतं, सीडीवरूनच चालायचं. बघायला ते चांगलं. पण दोन मशिनींचे सीडीचे खण अडकायचे, आणि मॅडम म्हणाली, रोज ह्याच्या भरवशावर वर्ग चालणार नाही. हिरव्याचं अर्ध्या घंट्यात मशिनीत बसलं. त्यात मराठी होती. काही शब्द विचित्र होते, काही तसेच इंग्रजीत राहिले होते, पण 'जतन करा' हे मी स्वतः वाचलं आणि स्वतः दाबलं.

मॅडमनं आणखी एक गोष्ट तपासली, ती कोणाच्या ध्यानात आली नसती. त्या दिवसांत आमच्याकडे लोडशेडिंग होतं. सकाळी चार तास, दुपारी चार तास. मधे जेवढा वेळ मिळे तेवढ्यात वर्ग. कोणत्या आठवड्यात किती वाजता लाईट जाणार हे मला तोंडपाठ असायचं, कारण पंप चालू असतानाच टाकी भरून घ्यावी लागे. मशिनींसोबत बॅटरीचा एक डबा आला होता, पण तो चीं करायचा आणि गप्प व्हायचा. तर मॅडमनं मुद्दाम मशीन चालू ठेवून लाईट जाऊ दिली. लाईट परत आल्यावर लालवालं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी विचारत उभं राहिलं. मी घाबरून दोन पावलं मागे सरले. हिरव्याचं जरा कुरकुरलं, मग आपोआप उभं राहिलं. मॅडमनं दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी हिरवं उठून बसलं.

"झालं," ती म्हणाली. "मावशी, हे मले चांगल्यातलं चांगलं म्हून नाई पाह्यजे. आपल्या लाईटीत चालते म्हून पाह्यजे."

तिनं ते एका मशिनीवर कायमचं टाकलं. दुसऱ्या दोन दिवाळीनंतर करू म्हणाली. त्या एका मशिनीवर पोरी पाळीपाळीनं बसायच्या. पोरी यायच्या आधी मीही दहा मिनिटं बसायची. पहिल्या दिवशी 'तलाव' लिहायला मला इतका वेळ लागला की लाईट जायची वेळ झाली. मग रोज दोन ओळी लिहू लागले. त्यात काही नव्हतं, आज पाणी किती आलं, कोणाची म्हैस व्याली, असंच. पण कागदावर माझं अक्षर वाकडं येतं आणि तिथे सरळ यायचं. मी ते कोणाला दाखवलं नाही. मॅडमनं पाहिलं असावं.

दिवाळीच्या तोंडावर मॅडमच्या बहिणीचं बाळंतपण निघालं, गडचिरोलीला. जाताना ती हातात दुसरी चावी ठेवावी तसं मला सांगून गेली, "मावशी, मी मंडईची जत्रा झाल्यावरच येईन. तोवर काई विचारलं कोणी तं हिरवीच सांगजा. बाकीच्या बाया नाई सांगू शकत, तुमीच सांगू शकता."

"सांगते नं," मी म्हटलं.

त्या वर्षी अध्यक्षबाईंच्या मोठ्या लेकीचा दिवाळसण होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी. आमच्याकडे दिवाळसणाला जावई आला की घर कसं होतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून समजायचं नाही. त्यानं ताटात नको म्हटलं तरी वाढायचं, आणि हवं म्हटलं ते तर आणायचंच. एका घरी जावयाला पंखा आवडला, तर काढून दिला होता. बाकीचे दिवस घामात. अध्यक्षबाईंनी मला आठ दिवस स्वयंपाकाला बोलावलं होतं. वडे, पुरण, खीर, भाऊबीज झाल्यावर कोंबडा.

जावई नागपूरचा इंजिनीयर. माणूस खरंच चांगला होता. मी पाण्याचा तांब्या दिला तर "मावशी, मी घेतो की" म्हणायचा. त्याला कळलं की सासूबाईंनी गावात कॉम्प्युटरचा वर्ग काढला आहे, तसा तो हट्टानं बघायला आला. मीच कुलूप काढलं. हिरवीवालं मशीन त्यानं सुरू केलं आणि हसला.

"हे कोणी निवडलं?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "शिकवणारी पोरगी हाये, तिनं."

"छान आहे, पण हे बालवाडीचं आहे. सगळं आयतं. मशिनी जुन्या आहेत ना? मग त्यांच्या मापानं शिवून घ्यायचं. मी वापरतो ते तसं आहे. कच्चा माल द्यायचा, मशीन स्वतःच स्वतःसाठी घडवते. एकदा झालं की बघा, कशी पळते."

"किती वेळ लागते जी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दोन-तीन दिवस सलग चालू ठेवायचं, बस. सीड्या माझ्या बॅगेतच आहेत."

'सलग' हा शब्द मी ऐकला. मी दाराशी उभी होते. दिवाळीच्या दिवसांत वीजवाले लाईट काढत नसत, त्यामुळे तो आल्यापासून एकदाही लाईट गेली नव्हती. घरात रात्रंदिवस माळा जळत होत्या. त्याला आमचं गाव तसंच वाटलं असणार. आणि बाया चार दिवसांतच लोडशेडिंग विसरल्या होत्या, दुखणं थांबलं की माणूस विसरतो तशा. मला मात्र टाकी भरायची होती. भाऊबीज झाली की परवापासून पुन्हा आठ तास, हे मला माहीत होतं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षबाईंच्या ओसरीवर मंडळाच्या सहा-सात बाया जमल्या. दरी अंथरली होती. जावई खुर्चीवर, त्याची बायको त्याच्यामागे उभी, नव्या साडीत. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना सांगितलं की जवाई म्हणतात ते नवीन लिनक्स तिन्ही मशिनींवर टाकायचं आहे.

एक बाई म्हणाली, "पण ते पोरगी येवाची हाये नं अजून?"

"अवं, पोरगी काई नाई म्हणते का? इंजिनीयर करून देऊन राह्यला, तेबी फुकट!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मंग टाका जी. जवाई हाये, वाकडं थोडंच करन."

दुसरी म्हणाली, "वाकडं केलं तं पोरगी घरीच ठेवून घेऊ आपण!" सगळ्या हसल्या. जावईही हसला, त्याची बायको लाजली.

मग अध्यक्षबाईंची नजर माझ्याकडे वळली. मी खांबाजवळ पानाचं तबक घेऊन बसले होते. "तू तं रोज तिथीच असते. पोरीसंगं बसून पाह्यत होती म्हणे तू बी. तूच सांग, काय करावं?"

मला खरंच विचारलं होतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, जावईही खुर्चीवरून थोडा पुढे वाकला होता, ऐकायला. मला बोलायचं वाक्य ठाऊक होतं. उद्यापासून लाईट जाते, सलग चालणार नाही, हिरवीवालं राहू द्या. पण ते बोलायचं म्हणजे दिवाळसणाच्या जावयाला सासऱ्याच्या ओसरीवर नाही म्हणायचं. आणि म्हणणार कोण, तर त्याला पाणी देणारी बाई, चौथी शिकलेली. उद्या बाया म्हणतील, दोन दिवस मशिनीसमोर बसली, आता इंजिनीयरला शिकवते. मी तबकातल्या सुपाऱ्या सारख्या केल्या.

"जवाईले बरं वाटन ते," मी म्हटलं.

"हे पहा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "झालं मंग."

त्यानं त्याच दुपारी तिन्ही मशिनी एकदम घेतल्या. एक-एक करून घ्या, असं म्हणायलाही कोणी नव्हतं. आधीचं सगळं पुसलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं होतं, पण ते अध्यक्षबाईंना विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "पुसा, पुसा." पडद्यांवर पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली. पोरी खिडकीतून बघत होत्या. माझी लेक म्हणाली, "आई, किती जोरात पळून राह्यलं पाय."

संध्याकाळी त्यानं विचारलं, रात्री चालू ठेवता येईल का. अध्यक्षबाई म्हणाल्या, कुलूप लावलं की मेन बटण बंद करायचं असा मंडळाचा नियम आहे, वायरिंग जुनं आहे. तो म्हणाला, बरं, रात्री नीट थांबवून बंद केलं तर चालतं, पण दिवसभर चालू राहू द्या, दोन-चार दिवस जास्त लागतील.

दुसऱ्या दिवशी मंडई होती, भाऊबिजेनंतर भरते ती. सगळं गाव तिकडे, जावईही. मी खोलीत एकटी होते. लाईट जायच्या वेळेला गेली. तिन्ही पडदे एकदम काळे झाले. मी हात जोडल्यासारखी उभी राहिले. चार तासांनी लाईट आली तेव्हा पडद्यावर दोन ओळी आणि एक लुकलुकणारी रेघ, बस. जावई मंडईतून आला, त्यानं पाहिलं, पुन्हा काहीतरी टाइप करून सुरू केलं आणि म्हणाला, "मंडईच्या लायटिंगचा लोड आला असेल. फ्यूज उडाला वाटतं."

"असन," मी म्हटलं.

तेव्हाही सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नागपूरला गेला. जाताना एका कागदावर इंग्रजीत काही ओळी लिहून दिल्या, मशीन थांबली तर हे टाइप करा म्हणून. त्याच दिवशी सकाळी लाईट गेली, दुपारी पुन्हा गेली. तो कागद वाचू शकेल असं गावात कोणी नव्हतं. लेकीनं एकेक अक्षर बघून टाइप करून पाहिलं, पण काही झालं नाही. अध्यक्षबाईंनी एसटीडीवरून फोन करून मशिनी थांबल्या एवढंच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, महिन्याभरात येतो, तोवर हात लावू नका.

तीन दिवसांनी मॅडम आली. खोलीत आली आणि तिन्ही पडदे बघून उभीच राहिली. तिनं पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"कोणी केलं?"

मी सांगितलं. जावयानं केलं, मंडळानं ठरवलं.

"आन तुमाले कोणी विचारलं नाई?"

"नाई," मी म्हटलं. "मले कोण विचारते?"

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "जाऊ द्या मावशी, तुमचा काय दोष." मला तेव्हा जे झालं ते मी लिहून सांगू शकत नाही.

 दुसऱ्या दिवशी लाईट होती त्या वेळी ती घरी आली, हिरव्या टिकलीचं पाकीट घेऊन. "मावशी, चावी द्या. दीड घंट्यात तिन्ही मशिनी उभ्या करते. अधिकारी बाई पुढच्या सोमवारी येऊन राह्यल्या, चिठ्ठी आली. जवाईच्या सीड्या ठेवून देऊ, मंग पुन्हा टाकतेत तं टाकू दे त्याइले."

चावी माझ्या कमरेला होती. मी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "अध्यक्षबाईले विचारून येते."

"नका विचारू," ती म्हणाली. "विचारलं का त्या नाई म्हणतीन."

मला ते कळत होतं. तरी मी गेले. न विचारता मी आजवर कधी काही केलं नव्हतं. अध्यक्षबाई दळण निवडत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "अवं, त्यानं दिवाळसणाले आपल्या हातानं केलं. चार दिवसांत काढून फेकाचं? उद्या माझ्या पोरीले सासरी कोणी म्हटलं, का तुह्या मायनं आमच्या पोराचं केलेलं मोडलं, तं तिनं काय तोंड दाखवाचं? तू सांग." त्यांचंही खोटं नव्हतं. लेक नवीन घरात होती. मग त्यांनी हात पुढे केला. "आन हे चावी माझ्यापाशीच राहू दे."

मी चावी काढून दिली. परत आले तेव्हा मॅडम अंगणात उभी होती. तिनं माझ्या रिकाम्या कमरेकडे पाहिलं आणि पाकीट पिशवीत टाकलं.

सोमवारी अधिकारी बाई आल्या. कडक नव्हत्या, उलट पाणी मागून घेतलं, पोरींशी बोलल्या. पोरी नवे रिबन लावून बसल्या होत्या. मॅडमनं खूप समजावलं, वहीत लिहिलेले धडे दाखवले. बाई म्हणाल्या, "तुमची मेहनत दिसते हो. पण मला लिहायचं आहे मशीन चालते का नाही. काय लिहू?"  तिन्ही पडद्यांवर ती रेघ लुकलुकत होती, तेवढ्यात लाईट जायची वेळ झाली, आणि तीही गेली.

मशिनी मूलला गेल्या. ह्या वेळी तणस नव्हतं, पोरींनी घरच्या गोधड्या दिल्या, आणि त्या गोधड्या काही परत आल्या नाहीत. आमच्या गावातून मूलला एक पोरगी दोन महिने गेली, मग तीही थांबली. माझी लेक दहावीला पास झाली. पुढे तिला कोणी कॉम्प्युटर येतो का विचारलं की ती म्हणते, थोडा येत होता.

मॅडमला गडचिरोलीला एका वसतिगृहात काम मिळालं, उन्हाळ्यात ती गेली. जायच्या आधी एकदा वाटेत भेटली होती. "येजा मावशी गडचिरोलीले," म्हणाली. मी मान हलवली.

पुढच्या दिवाळीला जावई पुन्हा आला. मी वाढायला होते. जेवताना त्यानं सहज विचारलं, "तो वर्ग कसा चाललाय?" अध्यक्षबाईंनी विषय टाळायला पाहिलं, पण त्यांची लेक बोलून गेली. लाईट जायची, तुमचं ते पूर्णच झालं नाही, मशिनी गेल्या. त्याचा हात ताटातच थांबला.

"लाईट जायची? किती?"

"आठ घंटे."

"रोज?" तो सगळ्यांकडे आळीपाळीनं बघू लागला. "अरे, मग मला सांगायचं ना! दिवसा तरी सलग वीज नसेल तर ते टाकूच नये. मी हातसुद्धा लावला नसता. तुमच्याकडे आधी होतं तेच बरोबर होतं. ते निवडणाऱ्याला कळलं होतं." तो रागावला नव्हता, त्याला वाईट वाटलं होतं. "मी विचारलं होतं की सगळ्यांना. त्या दिवशी ओसरीवर. कोणीच काही बोललं नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाढ वं त्याइले." मी भात वाढला. त्यानं मला ओळखलं असेल का, सुपाऱ्या सारख्या करत बसलेली ती बाई मीच, माहीत नाही. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पुरे मावशी, खरंच पुरे."

वर्षभर मी मनाशी म्हणत होते की मी बोलले असते तरी काय झालं असतं? जावयाचा अपमान झाला असता, अध्यक्षबाई रागावल्या असत्या, आणि झालं असतं तेच. त्यावर मी दिवस काढले होते. आता ते म्हणायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बौद्ध मोहल्ल्यात गेले. मॅडम सणाला आली असेल असं वाटलं होतं. मला तिला एवढंच सांगायचं होतं की मला विचारलं होतं. वाटेत मी ते दहा वेळा मनात म्हणून पाहिलं. घरी तिची आई होती. म्हणाली, "तिले सुट्टी नाई भेटली. वसतिगृहात आता दोन कॉम्प्युटर आलेत म्हणते, पोरीइले शिकवते." तिनं मला खाटेवर बसवलं, चहा दिला, मी सगळा प्यायले. आई म्हणाली, "रविवारी फोन येते तिचा, शेजारच्याकडे. काई निरोप सांगू का?"

मी कप खाली ठेवला.

"नाई," मी म्हटलं. "असंच आली होती."